चार बोटांवरची दोरी

आमच्या धाकट्या दिरांना सगळी गल्ली ‘सुतळी’ म्हणायची. अगदी तोंडावर म्हणायची, आणि त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. वाटायचं ते मला. दोन-तीन जणींना मी त्यावरून चांगलं झापलंही होतं. पण नाव शोभायचं, हे खोटं कशाला बोलू. अंगाने काटकुळे, उंच, आणि पँटच्या दोन्ही खिशांत सुतळीची भेंडोळी. घाम पुसायला रुमाल काढायला गेले तर आधी सुतळी बाहेर यायची. धंदा माळीकामाचा. टेकडीवरच्या सात-आठ बंगल्यांच्या बागा त्यांच्या हाताखाली होत्या, आणि आम्ही टेकडीच्या पायथ्याशी, चार घरांच्या ओळीत शेवटच्या घरात.

त्यांची गाठ वेगळीच असायची. एक टोक ओढलं की चटकन सुटणारी, आणि नाही ओढलं तर वादळातही न हलणारी. गाठीतून लहानसा फास वर राहायचा, मांजराच्या कानासारखा. कुठेही तसा कान दिसला की समजावं, इथे सुतळीचा हात लागलाय. माझी गाठ साधी. दोनदा पिळायची, दात-ओठ खाऊन आवळायची, आणि पुढे सोडवायची वेळ आली की सुरी आणायची. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं रडगाणं त्या गाठीचंच आहे.

पावसाचे दिवस तोंडावर आले की भाऊजींच्या अंगात यायचं. गच्चीच्या कठड्यावरच्या कुंड्या खाली उतरवा, वाळक्या फांद्या काढा, पन्हळीतला पाला उपसा, पत्रे बांधून घ्या. कोणी बोलावलं नाही तरी दारात हजर. समोरची शिंपीणबाई म्हणायची, ह्यांना आभाळात एक ढग दिसला की हे माझी शिलाई मशीनसुद्धा खांबाला बांधतील. लोक हसायचे, भाऊजीही हसायचे, आणि हसता हसता कुंडी उतरवून ठेवायचे. त्यांनी सांगितलेली दहातली आठ वादळं यायचीच नाहीत. एका वर्षी तर त्यांच्या सांगण्यावरून आम्ही ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, खुर्चीत बसवून शाळेच्या हॉलमध्ये नेलं. दोन दिवस फरशीवर काढले. वादळ कुठल्या कुठे निघून गेलं, आणि ह्यांच्या पाठीला जखम झाली ती तीन महिने भरली नाही. तेव्हापासून भाऊजींच्या वादळांवरचा माझा विश्वास उडाला होता.

हे घड्याळं दुरुस्त करायचे. आयुष्यभर भिंग लावून बोटभर यंत्रात डोकं घातलं, आणि एका सकाळी उजवी बाजू गेली ती गेलीच. बोलणं जड झालं. मागच्या खोलीत खिडकीशी खाट टाकली होती. खिडकीबाहेर दोन हातांची बोळ, वर पत्रा, आणि समोर टेकडी अडवून धरणारी दगडी भिंत. दीड पुरुष उंच. भिंतीच्या वर थेट बंगल्यातल्या डॉक्टरीणबाईंची बाग. ती बाग भाऊजींनी आपल्या हाताने घडवलेली, त्यांचा जीव की प्राण. हिरवळ अशी की पाय ठेवायला लाज वाटावी.

त्या भिंतीला खालच्या अंगाला नऊ भोकं होती. वरच्या मातीत मुरलेलं पाणी बाहेर पडायला ठेवलेली. पाऊस असो नसो, बाग शिंपली की त्यातून लालसर पाणी झिरपायचं. बोळात चिखल, शेवाळ, डास, आणि ह्यांच्या नाकाशी तो कुबट वास. मी दोन वर्षं भाऊजींच्या मागे भुणभुण लावली, की ती भोकं बुजवा. ते टाळायचे. पाण्याला वाट ठेवावी लागते वहिनी, म्हणायचे. एक दिवस माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, सख्खा भाऊ तिथे पडून डास खातोय आणि तुम्हाला पुळका भिंतीचा. दुसऱ्या दिवशी ते काथ्या आणि सिमेंट घेऊन आले आणि एकेक करून नऊही बुजवली. शिवाय भावाला बघायला म्हणून बोळात निळ्या फुलांचा वेल लावून दिला. दीड वर्ष भिंत ठणठणीत कोरडी. मी शेजारणींना बोलावून दाखवायची, बघा कशी सुकी आहे, म्हणून.

मग ते वर्ष आलं. वादळ नाही, वारा नाही, नुसता पाऊस. तीन आठवडे दिवसरात्र एकसारखा. कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही असा, मुकाट पडणारा. भाऊजी एका सकाळी वरून आले ते थेट बोळात शिरले आणि भिंतीवर तळहात ठेवून उभे राहिले. भिंत कोरडी होती. एवढ्या पावसात, कोरडी. मला बरं वाटलं. त्यांच्या तोंडाकडे पाहिलं तर रंग उडालेला. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, काही नाही, वेल पिवळा पडतोय.

खरं काय झालं होतं ते मला फार उशिरा कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते. वर हिरवळीला भिंतीपासून पाच-सहा हातांवर चीर पडली होती. बोट जाईल एवढी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तीन आठवड्यांचं पाणी भिंतीमागे साठून बसलं होतं आणि बाहेर यायला एक भोक नव्हतं. भाऊजींनी ओळखीच्या गवंड्याला विचारलं. तो म्हणाला, आता खालून फोडायला जाऊ नका, भरलेली भिंत आहे, एकदम येईल; आधी वरून चर खणा, पाणी बाजूला काढा, आणि भिंतीवर नजर ठेवा. म्हणून भाऊजींनी बोळातल्या दोन खांबांना, ज्यांच्यावर आमचा पत्रा होता त्यांना, एक सुतळी ताणून बांधली. खांबांच्या भिंतीकडच्या बाजूने. सुतळी आणि भिंत यांच्यात बरोबर चार बोटांचं अंतर. भिंतीला पोट सुटायला लागलं तर मधलं अंतर कमी होणार. त्यांनी मनाशी ठरवलं होतं, दोन बोटं उरली की भावाला पाठीवर घ्यायचं आणि बाहेर काढायचं, मग वहिनी काही का बोलेना.

यातलं अक्षर त्यांनी मला सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, वेलाला आधार बांधलाय, हात लावू नका. का सांगितलं नाही? भाऊ खिडकीशीच पडलेला, तो घाबरेल म्हणून. आणि मी आकाशपाताळ एक करीन म्हणून. आणि मला वाटतं, भोकं कोणाच्या हट्टापायी बुजली ते मला आठवायला नको म्हणूनही. असा भित्रा चांगुलपणा. मला त्याचा आजही संताप येतो.

ते रोज सकाळी यायचे. बोळात जायचे, सुतळीच्या मधोमध बोटं धरायचे, आणि वर बागेत निघून जायचे. वर ते स्वतःच लावलेली हिरवळ कुदळीने खणत होते. डॉक्टरीणबाई छत्री धरून बघत उभ्या राहायच्या आणि डोळे पुसायच्या, असं बाईंनीच नंतर मला सांगितलं. खाली आमच्याकडे मागचं दार अडकायला लागलं होतं. फुगलं असेल ओलीने, म्हणून मी खांद्याने ढकलायची. फरशीच्या सांध्यातून मुंग्या वर आल्या, पांढरी अंडी तोंडात धरून, आणि ओळीने पुढच्या खोलीकडे निघाल्या. मी झाडू मारला. ह्यांनी एकदा डाव्या हाताने मला जवळ बोलावलं आणि भिंतीकडे कान करायला लावला. आत काहीतरी बारीक करकरत होतं, चावी भरताना स्प्रिंग करकरते तसं. मी म्हटलं, उंदीर असेल.

भाऊजींनी मधे एकदा विषय काढून पाहिला. दादाला चार दिवस पुढच्या खोलीत हलवू या का, म्हणाले. मी उसळले. मागल्या वर्षीची जखम काढली, शाळेचा हॉल काढला, वाट्टेल ते तोंडसुख घेतलं. त्यांनी आग्रह केला नाही, कारण त्या दिवशी सुतळी तीन बोटांवर होती. अजून एक बोट हातात आहे, असा त्यांचा हिशेब.

ह्यांच्या चादरी रोज धुवाव्या लागायच्या. एवढ्या पावसात वाळत घालणार कुठे? बोळात पत्र्याखाली आयती दोरी होती. मी दोन दिवस त्यावर चादरी घातल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काढायला गेले तर चादर भिंतीला चिकटलेली, शेवाळाचा हिरवा डाग भलामोठा. आधी लागत नव्हती, आता लागायला लागली. माझ्या डोक्यात आलं ते एवढंच, की सुतळी ढिली पडली. ती ढिली नव्हती. भिंत पुढे आली होती.

मी एक टोक ओढलं, भाऊजींची गाठ चटकन सुटली. दुसरीही सुटली. सुतळी मी खांबांच्या अलीकडच्या बाजूने घेतली, घराकडच्या, आणि ओढून, आवळून, माझ्या पद्धतीने दोनदा पिळून बांधली. खांब दोन-अडीच बोटं जाड असेल. तेवढी ती भिंतीपासून लांब आली.

खिडकीतून हे बघत होते. त्यांचा डावा हात गजांतून बाहेर आला. मोठ्या कष्टाने म्हणाले, “नको. त्याची… मोजायची आहे.” मला ‘मोजायची’ कळलं नाही असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. कळलं होतं. शब्द कळला होता, अर्थ कळून घ्यायला मी थांबले नाही. दिवसभर कंबर मोडली होती. मी म्हटलं, “तुम्ही दोघं भाऊ मोजत बसा, चादरी मला धुवायच्या असतात.” त्यांनी हात आत घेतला. ज्या माणसाने चाळीस वर्षं केसाएवढ्या फरकावर पोट भरलं, त्याला रोज सकाळी भिंतीशी धरलेली बोटं कळली नसतील? त्यांना सगळं कळलं होतं. सांगायला जीभ नव्हती, आणि ऐकायला मी नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी आले. पाऊस दणदणत होता, अंगावर प्लास्टिकचा कागद, चष्म्यावर पाणी. बोळात गेले, बोटं धरली, आणि तसेच उभे राहिले. परत धरली. सुतळी चार बोटांच्याही पुढे होती. खांबांवरच्या गाठी वेलाच्या पानांआड होत्या, आणि हवं होतं ते दिसल्यावर माणूस गाठी कशाला बघायला जातो. त्यांना वाटलं, चर लागू पडला, पाणी उतरलं, भिंत मागे बसली. दगडी भिंत अशी मागे बसत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं का? पण आठवडाभर जीव टांगणीला लागलेला माणूस तो.

त्या दिवशी ते प्रथमच घरात आले, चहा मागून घेतला. भावाच्या खाटेवर बसले. लहानपणी दोघांनी एका म्हाताऱ्याच्या बागेतले पेरू चोरले होते आणि मोठ्याने सगळा मार एकट्याने खाल्ला होता, ती गोष्ट काढली. शिंपीणबाईच्या मशीनवरून विनोद झाला. ह्यांनी डाव्या हाताने त्यांचं मनगट धरून ठेवलं होतं, सोडतच नव्हते, आणि खिडकीकडे बघून काहीतरी सांगू पाहत होते. भाऊजींनी हात थोपटला, म्हणाले, “दादा, काळजी नको. आता धोका टळला.” मी दारातून ओरडले, कसला धोका, उगाच आजाऱ्यासमोर. ते हसले. कप विसळून ठेवला आणि वर गेले.

दुपारी मी पुढच्या खोलीत ह्यांच्यासाठी पेज गाळत होते. मागून एक आवाज आला. मोठा नव्हता. गाडीतून खडी ओतावी तसा, आणि लगेच थांबला. मागच्या खोलीचं दार ढकलायला गेले तर दार नव्हतंच, चिखल होता. खाटेच्या जागी डॉक्टरीणबाईंच्या हिरवळीचा एक तुकडा येऊन पडला होता, गवतासकट, जसाच्या तसा.

भाऊजी वरून घसरत खाली आले आणि नखांनी माती उपसायला लागले. ह्यांचा डावा हात आधी सापडला. बाकी अंग बाहेर काढायला तास लागला. तोपर्यंत काही उरलं नव्हतं.

चार दिवसांनी नगरपालिकेच्या ऑफिसातून दोन माणसं वही घेऊन आली. गल्ली गोळा झाली होती. भोकं कोणी बुजवली, हे त्यांनी विचारलं. भाऊजींनी सांगितलं, मीच बुजवली. मी त्यांच्या मागे लागले होते हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्यावर कोणी बोट ठेवलं नाही. तिला काय कळतं, माळी तो होता, असं सगळे म्हणाले. मग विचारलं, एवढं कळत होतं तर माणूस हलवला का नाही? तेव्हा भाऊजींनी सुतळीचं सांगितलं. चार बोटं, तीन बोटं, दोन बोटं. मी चौकटीला धरून ऐकत होते आणि मला पहिल्यांदा कळत होतं. सुतळी मी हलवली नसती तर त्या सकाळी दोनच बोटं उरली असती, कदाचित तेवढीही नाही, आणि भाऊ भावाच्या पाठीवर बसून त्या खोलीतून बाहेर आला असता. पेज मी पुढच्या खोलीत भरवली असती.

ते म्हणाले, “सकाळी मी मोजलं. मोजण्यात माझी चूक झाली.”

आणि मी, जी भाजीवाल्याला सोडत नाही, शेजारणींना सोडत नाही, आजारी नवऱ्याला सोडलं नाही, ती मी एक शब्द बोलले नाही. तोंडाला जे कुलूप लागलं ते लागलं.

त्यानंतर भाऊजींना कोणी कुंडीला हात लावू दिला नाही. डॉक्टरीणबाई बंगला विकून गेल्या. सख्ख्या भावाला गाडणारा माळी म्हणून त्यांचं नाव झालं. राहायला ते माझ्याकडेच आले, कारण मी आणलं. मी वाढते, ते जेवतात. भिंत नवी झाली, तिला आता बारा भोकं आहेत, आणि ते रोज तारेने एकेक मोकळं करतात. एकदा त्यांचा बियांचा पत्र्याचा डबा पुसताना आत सुतळीचा वीतभर तुकडा दिसला. मातीने लडबडलेला, आणि त्यावर दोनदा पिळलेली, आवळलेली गाठ. माझी. म्हणजे माती उपसली तेव्हाच त्यांनी ढिगाऱ्यातून ती शोधली होती. ऑफिसची माणसं यायच्या आधीच त्यांना ठाऊक होतं. मी डबा बंद करून जागेवर ठेवला. त्याला सहा वर्षं झाली.

आज सकाळी आभाळ भरून आलं. पाऊस सांगितलाय, मोठा. भाऊजी सवयीने उठले आणि समोर शिंपीणबाईच्या कठड्यावरच्या कुंड्या उतरवायला गेले. ती बाहेर आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, तुम्ही राहू द्या, तुमचं मोजमाप पाहिलंय आम्ही. दोघं-तिघं हसले. भाऊजींनी उचललेली कुंडी परत जागच्या जागी ठेवली, अलगद, आवाज न करता. ते बघून माझ्या आतलं काहीतरी तुटलं. मी रस्त्यात गेले आणि बोलले.

“दोरी मी हलवली होती. चादरीला डाग पडत होता म्हणून मी सोडली आणि लांब बांधली. भाऊजींचं मोजमाप बरोबर होतं. नवरा माझ्यामुळे गेला.”

शिंपीणबाईचा हात तोंडावर गेला. भाऊजी माझ्याकडे न बघता पुढे आले, माझा दंड धरला, आणि लोकांना म्हणाले, “वहिनींना अधूनमधून असं होतं. त्या दिवसापासून. गाठ माझीच होती.”

मी ओरडले की खोटं आहे, पुरावा आहे, थांबा. लोकांच्या चेहऱ्यावर कीव आली होती, ती माझी कीव होती. शिंपीणबाई पाणी आणायला धावली. मी घरात गेले, फळीवरून डबा काढला, तिथेच जमिनीवर उपडा केला. झेंडूच्या बिया होत्या, दोडक्याच्या होत्या, गंजलेली कात्री होती, नव्या सुतळीचं भेंडोळं होतं. मी दोनदा बघितलं. तो तुकडा नव्हता.

भाऊजी दारात आले, खाली बसले, आणि सांडलेल्या बिया एकेक वेचायला लागले. बाहेर पावसाला सुरुवात झाली होती.